स्पॅनिशमध्ये 'मला उशीर झाला' कसं म्हणायचं?

स्पॅनिश शिकणाऱ्या एका वाचकानं विचारलंय: वर्गात उशिरा पोचल्यावर 'एस्तोय तार्दे' म्हटलं, तर बाईंनी चूक म्हणून सांगितलं. 'एस्तोय' म्हणजे 'मी आहे' आणि 'तार्दे' म्हणजे 'उशिरा', मग बिघडलं कुठे? शिवाय तार्दार, रेत्रासो, देमोरा या शब्दांत फरक काय?

बिघडलं ते वाटेत इंग्रजीत थांबल्यामुळे. 'आय ॲम लेट'चा साचा स्पॅनिशला चालत नाही, आणि मराठीलाही चालत नाही. 'मी उशीर आहे' असं आपण कधी म्हणतो का? आपण म्हणतो 'मला उशीर झाला'. स्पॅनिशही नेमकं तेच म्हणते: 'से मे ईसो तार्दे'. यातला 'मे' म्हणजे 'मला', 'से ईसो' म्हणजे 'झाला', आणि राहिला 'तार्दे'. मराठी माणसाला हे वाक्य पाठ करावं लागू नये, इतकं ते आपलं आहे. 'आम्हाला' म्हणायचं तर 'मे'च्या जागी 'नोस' घाला. शाळेला निघायच्या वेळी रेंगाळणाऱ्या मुलाला तिकडची आई ओरडते, 'के से ते आसे तार्दे!' म्हणजे 'अरे, उशीर होतोय तुला!' स्पेनमध्ये नुकत्याच झालेल्या उशिराला बहुधा 'से मे आ एचो तार्दे' म्हणतात, 'ईसो' लॅटिन अमेरिकेत जास्त ऐकू येतं.

अजून वाटेत असाल आणि मेसेज टाकायचा असेल, तर 'येगो तार्दे' लिहा. शब्दशः 'मी उशिरा पोचतो', पण रोख 'मला पोचायला उशीर होणार' असाच. 'एस तार्दे' म्हणजे नुसतंच 'उशीर झालाय', कुणाला ते न सांगता. (दुपारपासून दिवेलागणीपर्यंतच्या वेळेलाही 'ला तार्दे' म्हणतात, म्हणून 'बुएनास तार्देस'. संदर्भानं ते कळतं.)

खरी गफलत होते ती 'तार्दार'मध्ये. कोशात 'उशीर करणे' दिलेलं असतं, पण 'तार्दार'ला उशीर व्हावाच लागतो असं नाही. 'तार्दो बेइन्ते मिनुतोस एन येगार' म्हणजे 'मला पोचायला वीस मिनिटं लागतात'. यात तक्रारही नाही आणि माफीही नाही. इथे मात्र मराठीतला 'मला' सोडून द्यायचा, कारण 'तार्दो'चा कर्ता 'मी' आहे. त्यापेक्षा 'वेळ लावणे' हे क्रियापद डोक्यात ठेवा, म्हणजे कर्ता आपोआप जागेवर बसतो. 'पोर के तार्दास तान्तो?' म्हणजे 'एवढा वेळ का लावतोयस?' आणि दारातून बाहेर पडताना 'नो तार्दो' म्हटलं की ते आपलं 'आलोच!'

'रेत्रासो' हे नाम. ठरलेल्या वेळेपेक्षा किती मागे, हे मोजायचं असेल तिथे ते येतं. 'एल त्रेन येबा बेइन्ते मिनुतोस दे रेत्रासो' म्हणजे 'गाडी वीस मिनिटं उशिरा धावतेय'. त्यात 'त्रास' हा शब्द आहे, त्याचा अर्थ 'मागे'. आपल्या त्रासाशी त्याचा काही संबंध नाही. एक सावधगिरीही सांगून ठेवते: बाईनं 'तेंगो उन रेत्रासो' म्हटलं, तर त्याचा अर्थ बहुतेक वेळा पाळी लांबलीय असा घेतला जातो. गाडी किंवा मीटिंगबद्दल बोलताना स्त्रियांनी 'येगो तार्दे'च म्हणावं.

'देमोरा'चा अर्थ जवळपास तोच, पण तो लॅटिन अमेरिकेत जास्त चालतो. स्पेनच्या विमानतळांवर फलकावर 'रेत्रासादो' दिसेल, तर ब्वेनोस आयरेसला 'देमोरादो'. कोलंबियात 'नो तार्दो'ऐवजी 'नो मे देमोरो' म्हणतात. पेरूच्या सरकारनं 2007 साली लोकांना वेळेची शिस्त लागावी म्हणून मोहीम काढली, तिचं नाव 'ला ओरा सिन देमोरा', म्हणजे 'विलंबाविना वेळ'. ओरा-देमोरा हे यमक 'रेत्रासो'नं जमलंच नसतं.

मेक्सिकोला जाणार असाल तर 'आओरिता' हाही शब्द शिकून घ्या. 'आओरा' म्हणजे 'आत्ता', त्याचं हे लाडकं रूप. पण 'आओरिता बोय'चा अर्थ 'हा निघालो' इथपासून 'येईन थोड्या वेळानं' इथपर्यंत काहीही असू शकतो. नक्की वेळ हवी असेल तर सरळ विचारा, 'क्वान्तो तार्दास?'