निळा हेमीमॉर्फाइट पाण्यात ठेवून ते पाणी प्यायलं तर चालतं का?

वाशीच्या प्रदर्शनात घेतलेला निळा हेमीमॉर्फाइट रात्रभर पाण्यात ठेवून ते पाणी सकाळी आईला थायरॉइडसाठी द्यावं का, असं तुम्ही विचारलंय. देऊ नका. एक दिवससुद्धा नको. आणि त्यांची गोळी कुणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका.

मी ठाण्यात रसायनशास्त्र शिकवते आणि खनिजांचं मला वेड आहे. तुमचा दगड मोलाचाच आहे, फक्त विक्रेत्याने सांगितलेल्या कारणासाठी नाही.

हेमीमॉर्फाइट हे जस्ताचं सिलिकेट. वजनाने जवळजवळ ५४ टक्के जस्तच. खोल जमिनीत जस्त बहुतेक वेळा गंधकाशी जोडलेलं, स्फॅलेराइटच्या रूपात असतं. वरचा डोंगर झिजला की झिरपणारं पाणी आणि हवेतला ऑक्सिजन त्या साठ्यापर्यंत पोचतात. सल्फाइडचं सल्फेट होतं, ते पाण्यात सहज विरघळतं आणि जस्त भेगाभेगांतून वाहू लागतं. वाटेत चुनखडक भेटला तर स्मिथसोनाइट हे कार्बोनेट बनतं, पाण्यात पुरेशी सिलिका असली तर हेमीमॉर्फाइट. म्हणून याला दुय्यम खनिज म्हणतात. पूर्वी या दोघांनाही सरसकट कॅलामाइनच म्हणत. ती वेगवेगळी खनिजं आहेत हे जेम्स स्मिथसन या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने १८०३ साली रासायनिक पृथक्करण करून दाखवलं.

त्याच प्रदर्शनात अपोफिलाइट, स्टिल्बाइट पाहिले असतील. ते आपल्या दख्खनच्या बेसॉल्टच्या पोकळ्यांतले, जळगाव-नाशिककडचे. हेमीमॉर्फाइट तिथला नव्हे. बाजारातला निळा माल बराचसा चीनमधून येतो, आणि मेक्सिकोतल्या मापिमीचे स्फटिक संग्राहकांत प्रसिद्ध आहेत.

भिंग असेल तर दगडाची तुटलेली कड बघा. वरून द्राक्षांच्या घडासारखा गोल गोल दिसणारा थर आतून बारीक तंतूंचा असतो, सगळे एका जागेहून बाहेर पसरलेले. सुटा स्फटिक मिळाला तर आणखी मजा: एक टोक बोथट, दुसरं टोकदार. बहुतेक स्फटिक एका टोकाने खडकाला चिकटलेले असल्यामुळे दोन्ही टोकं एकत्र क्वचितच दिसतात. या असमान रचनेमुळेच स्फटिक तापवला किंवा दाबला की त्याच्या टोकांवर विरुद्ध विद्युतभार येतो. ‘दगडात ऊर्जा असते’ म्हणणारे याच गुणाचा दाखला देतात. गुण खरा आहे, पण भार येतो तो तापमान बदलताना किंवा दाब पडताना, तोही अगदी थोडा. त्याने घशातल्या ग्रंथीचं काम सुधारेल असं मानायला कसलाच आधार नाही.

हीलिंगवाले निळ्या हेमीमॉर्फाइटला विशुद्ध चक्राशी जोडतात: घसा, बोलणं, मनातलं मोकळेपणाने सांगता येणं. ही जोडणी रंगावरून केलेली आहे. आणि हा निळा रंग जस्ताचा नसून त्यात मिसळलेल्या थोड्याशा तांब्याचा आहे. तांबं नसलं की हेच खनिज बहुतेकदा पांढरं किंवा रंगहीन असतं. तरीही दगड हातात घेऊन पाच मिनिटं शांत बसल्यावर आईंना बरं वाटत असेल तर जरूर बसू द्या, त्याला माझी काहीच हरकत नाही.

पाण्याला मात्र आहे. जस्ताच्या साठ्यात शिसं, कॅडमियम, आर्सेनिक सोबतीला असतात. मापिमीत तर हेमीमॉर्फाइटबरोबर अॅडमाइट आणि मिमेटाइट सापडतात, दोन्ही आर्सेनिकयुक्त. तुमच्या दगडाच्या फटीत काय बसलंय हे डोळ्यांना कळणार नाही. लिंबू पिळलेल्या पाण्यात तर तो चुकूनही टाकू नका, आम्लात हे खनिज विरघळतं. आपल्या रसशास्त्रालाही, म्हणजे धातू-खनिजांपासून औषधं बनवणाऱ्या आयुर्वेदाच्या शाखेलाही, जस्ताचं खनिज ठाऊक होतं. ‘रसरत्नसमुच्चय’ या तिच्या जुन्या ग्रंथात रसक नावाने त्याचं वर्णन आहे. पण तिथेही कच्चा दगड पोटात जात नाही, आधी शोधन-मारण, म्हणजे शुद्ध करून भस्म करणं, सांगितलेलं आहे. घरातल्या गुलाबी कॅलामाइन लोशनमध्येही असतं ते शुद्ध झिंक ऑक्साइड, किंचित लोहाच्या ऑक्साइडसह, आणि तेही फक्त कातडीवर लावायला.

दगड खरा आहे का बघायचं तर कापसावर अॅसिटोन घेऊन मागच्या बाजूला घासा. कापूस निळा झाला तर रंग चढवलेला आहे. कठीणपणा एक ते दहाच्या मोस मापावर साडेचार ते पाच एवढाच, सुरीने ओरखडा पडतो, म्हणून अंगठीत बसवू नका आणि क्वार्ट्जबरोबर एका डब्यात ठेवू नका.

आईंची थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबरच द्या. लोह किंवा कॅल्शियमच्या गोळ्या चालू असतील तर मध्ये चार तास जाऊ द्या, नाहीतर थायरॉइडची गोळी नीट शोषली जात नाही. त्रास तरीही कमी होत नसेल तर रक्तातलं टीएसएच (थायरॉइडचं काम दाखवणारं संप्रेरक) पुन्हा तपासून डॉक्टरांना मात्रेबद्दल विचारा.