हेडफोनचं नंतर बघू, आधी कार्डाचं स्टेटमेंट काढा

प्रश्न : सर, मी घरून नोकरी करतो. घरात पत्नी, दोन लहान मुलं आणि आई. मुलांचा दंगा आणि टीव्ही यांमुळे कामात लक्ष लागत नाही. संध्याकाळी गणिताच्या ऑनलाइन शिकवण्या सुरू करायच्या आहेत, अजून एकही विद्यार्थी ठरलेला नाही. त्यातून पगाराच्या २० टक्के तरी सुटतील. त्यासाठी एक भारीतला वायरलेस, नॉइज कॅन्सलिंग हेडफोन बघून ठेवलाय. किंमत पगाराच्या ६० टक्के, पण क्रेडिट कार्डावर १२ महिन्यांचा नो-कॉस्ट ईएमआय मिळतोय. दुकानदार तीन वर्षांचा प्रोटेक्शन प्लॅनही घ्या म्हणतो. माझा फोन आयफोन आहे आणि मला चष्मा आहे. मित्र म्हणतो, हाय-रेस, म्हणजे जास्त बारकाव्याच्या आवाजाचंच मॉडेल घे. घेऊ का? माझी शिस्त चांगली आहे. कार्डाची किमान रक्कम आजवर एकदाही चुकवलेली नाही, विम्याची बचत योजना तीन वर्षं नियमित चालू आहे आणि पगाराच्या ७० टक्के इतकी रक्कम आणीबाणीसाठी बाजूला आहे.

उत्तर : तुमच्या पत्रातलं सगळ्यात महाग वाक्य हेडफोनबद्दलचं नाही. ‘किमान रक्कम एकदाही चुकवलेली नाही’ हे ते वाक्य. ते वाचून मी तुमच्याकडे कार्डाचं स्टेटमेंट मागितलं आणि तुम्ही त्याच दिवशी फोटो पाठवलात, याबद्दल मनापासून आभार. पुष्कळ जण इथेच गप्प होतात.

त्या फोटोत ‘किमान देय रक्कम’ या आकड्याला तुम्ही पेनाने गोल केलाय आणि शेजारी ‘भरले’ असं लिहून बरोबरची खूण केलीय. त्याच्या वरच्या ओळीत ‘एकूण देय रक्कम’ आहे. तिच्याजवळ पेन फिरकलेलं नाही. तुम्ही मनापासून शिस्त पाळताय, पण चुकीच्या ओळीवर.

आकडेमोड सोपी जावी म्हणून तुमचा महिन्याचा पगार १०० धरतो. कार्डावरची थकबाकी १८०, आणि ती दोन वर्षं तिथेच घुटमळतेय. व्याज महिना साडेतीन टक्के. म्हणजे महिन्याला ६.३, वर्षाला सुमारे ७६. हेडफोन ६० चा. तो न घेताही दरवर्षी एका हेडफोनपेक्षा जास्त पैसे व्याजात जातायत आणि घरात वस्तू एकही येत नाही. दोन वर्षांचे झाले १५०, म्हणजे दीड महिन्याचा पगार.

आता किमान रकमेचं बघा. थकबाकीच्या पाच टक्के, म्हणजे ९. त्यातले ६.३ व्याजातच जातात, मुद्दल फिटतं जेमतेम २.७. आजपासून कार्ड कपाटात ठेवलंत, एक पैशाची नवी खरेदी केली नाहीत आणि नुसती किमान रक्कम भरत राहिलात, तर थकबाकी निम्मी व्हायला पावणेचार-चार वर्षं लागतील. व्याजावरचा कर मी यात धरलेला नाही. तो धरला तर आणखी. किमान रक्कम भरल्याने दंड टळतो आणि खातं थकीत दिसत नाही, एवढंच. व्याज पहिल्या दिवसापासून चालूच राहतं. शिवाय मागची थकबाकी असताना नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. वाणसामान घेतलंत तरी त्याच दिवसापासून मीटर सुरू.

अशा कार्डावर नो-कॉस्ट ईएमआय कशाला घ्यायचा? बँक कुणाला फुकट पैसे देत नाही. व्याजाइतकी सूट किमतीत दाखवायची आणि तेवढंच व्याज हप्त्यात लावायचं, असा तो हिशेब असतो. एकरकमी पैसे दिले असते तर जी सूट मिळाली असती ती बहुतेक वेळा हातची जाते, प्रोसेसिंग फी वेगळी. आणि दरमहाचा ५ चा हप्ता तुमच्या किमान रकमेत येऊन बसतो. आज ९ भरताना तुम्हाला हायसं वाटतं, उद्या १४ भरावे लागतील. ज्या महिन्यात ते जमणार नाहीत, त्या महिन्यात तो बिनव्याजी हप्तासुद्धा साडेतीन टक्क्यांच्या ढिगात जाईल.

दुसरी गोष्ट, ‘विम्याची बचत योजना’. महिन्याला ८ हप्ता, तीन वर्षांत २८८ भरून झाले. तुम्ही पाठवलेल्या माहितीपत्रकावरून परतावा वर्षाला पाच टक्क्यांच्या आसपास निघतो. एका हाताने ४२ टक्क्यांनी उसने घ्यायचे आणि दुसऱ्या हाताने पाच टक्क्यांनी साठवायचे, हे तुम्ही दोन वर्षं करताय. ज्या माणसाने ही योजना विकली त्याने तुमचं कार्ड बघायला मागितलं होतं का? नक्कीच नसणार. बघितलं असतं तर कमिशन गेलं असतं. या प्रकाराची मला चीड येते, कारण असं पत्र दर महिन्याला एक तरी येतं आणि लिहिणारा माणूस दर वेळी तुमच्यासारखाच सरळ, वेळेवर पैसे भरणारा असतो.

बरं, विमा म्हणून तरी ती पुरेशी आहे का? कव्हर वार्षिक हप्त्याच्या दहापट, म्हणजे ९६० च्या आसपास. दहा महिन्यांचासुद्धा पगार नाही. उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर आई, पत्नी आणि दोन मुलं यांनी त्यावर किती दिवस काढायचे? घरात चार माणसं तुमच्यावर अवलंबून असताना साधा मुदत विमा हवा, ज्यात परतावा नसतो आणि म्हणूनच त्याच हप्त्याच्या छोट्या भागात कितीतरी पट कव्हर मिळतं. क्रम मात्र चुकवू नका. आधी मुदत विमा मंजूर होऊन हातात येऊ द्या, मगच जुन्या योजनेचा हप्ता थांबवा. कंपनीकडून दोन आकडे लेखी मागा: आज सरेंडर केली, म्हणजे मुदतीआधीच मोडली, तर किती मिळतील, आणि हप्ते थांबवून पेड-अप ठेवली तर मुदतीअखेर किती. एजंट म्हणेल, आणखी चार वर्षं भरा, मग बोनस सुरू होईल. भरलेले २८८ गेले आहेत. पुढचा निर्णय त्यांच्याकडे बघून घ्यायचा नाही. ते दोन आकडे आले की मला पाठवा, आपण ठरवू.

आता कार्ड. आणीबाणीच्या ७० पैकी ५० आजच कार्डावर भरा, २० राहू द्या. डोक्यावर ४२ टक्क्यांची थकबाकी असताना अजून कुठल्या आणीबाणीची वाट बघायची? उरले १३०. किमान रकमेचे ९, मुदत विमा सुरू झाल्यावर सुटणारे ८ आणि हेडफोनच्या हप्त्याला देणार होतात ते ५, असे महिन्याला २२ होतात. मुदत विम्याचा हप्ता यातूनच जाईल, म्हणून २१ धरा. साडेतीन टक्क्यांचं व्याज आणि त्यावरचा कर भरूनसुद्धा आठ महिन्यांच्या आसपास कार्ड कोरं होतं. हे सगळे पैसे तुमच्याच पत्रातले आहेत, मी बाहेरून एकही आणलेला नाही. बँक थकबाकी कमी दराच्या हप्त्यात बदलून देत असेल आणि आधी फेडल्यास दंड नसेल तर जरूर घ्या, दहा-बारा वाचतील. मात्र तोवर सगळा खर्च खात्यातून करायचा. कार्ड पाकिटात नको.

आता तुम्ही जे विचारलंत त्याकडे येतो. मी ध्वनितज्ज्ञ नाही, पण वस्तू कशासाठी घेताय हे न बघता पैसे मोजू देणं माझ्या कामात बसत नाही.

नॉइज कॅन्सलिंगचं तत्त्व साधं आहे. हेडफोनमधले छोटे माइक बाहेरचा आवाज टिपतात आणि त्याच्या बरोबर उलटी लहर कानात सोडतात. दोन्ही एकमेकांना खोडतात. एकसुरी, खर्जातल्या आवाजाला हे उत्तम जमतं. बोस या ऑडिओ कंपनीचे संस्थापक अमर बोस यांना १९७८ साली विमानप्रवासात ही कल्पना सुचली आणि त्यांच्या कंपनीचा पहिला असा हेडसेट १९८९ मध्ये आला तोही वैमानिकांसाठी. इंजिनाची घरघर ही याची मूळ शिकार. माणसाचं बोलणं, मुलाची किंकाळी, भांडं पडल्याचा आवाज हे क्षणाक्षणाला बदलतात आणि वरच्या पट्टीत असतात. ते अडवण्याचं काम बरंचसं कानावरच्या गादीलाच करावं लागतं.

एका अशिलाने असाच भारीतला हेडफोन माझ्या कार्यालयात माझ्या कानांवर चढवला होता. पंख्याची घरघर एकदम नाहीशी झाली, मी थक्क झालो. पण मग भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू यायला लागली, जी एरवी माझ्या कानावर कधी पडली नव्हती. आणि बाहेरच्या खोलीत फोनवर चाललेलं बोलणं शब्द न् शब्द कळत होतं. तुमच्या घरात पंखा त्रास देत नाही, मुलं आणि टीव्ही देतात. शिवाय चष्म्याची काडी गादी आणि कानशिलामध्ये फट पाडते. त्या फटीतून खर्जातला आवाजही आत येतो, म्हणजे ज्यासाठी पैसे मोजायचे तेच कमी होतं. कधी घेतलाच तर चष्मा घालून, अर्धा तास डोक्यावर ठेवून बघा. अडीचशे ग्रॅम हातात काहीच वाटत नाहीत, तिसऱ्या तासाला कानशिलं दुखायला लागतात.

आणि शिकवण्या. इथे तुमचा मोठा गैरसमज आहे. नॉइज कॅन्सलिंग तुमच्या कानासाठी असतं, विद्यार्थ्याच्या नाही. समोरच्या मुलाला तुमच्या घरातला टीव्ही ऐकू येणार की नाही हे तुमचा माइक ठरवतो. बोलणं स्वच्छ करण्याची सोय या हेडफोनमध्ये असते, पण त्यांचे माइक कानाशी असतात, तोंडापासून वीतभर लांब. त्यात ब्लूटूथवर माइक सुरू झाला की बऱ्याच हेडफोनमध्ये जोडणी कॉलच्या मोडमध्ये जाते आणि आवाज फोनवरच्यासारखा चपटा होतो. तोंडाशी दांडीचा माइक असलेला साधा वायरचा हेडसेट यापेक्षा स्पष्ट बोलतो, आणि तो ६० च्या अगदी लहान भागात येतो.

मित्राच्या हाय-रेस सल्ल्याबद्दल. सोनीचं एलडॅक, म्हणजे आवाज दाबून पाठवण्याची त्यांची पद्धत, ब्लूटूथवरून सेकंदाला ९९० किलोबिटपर्यंत माहिती नेतं, हे खरं. पण आयफोन ब्लूटूथवर एलडॅक वापरतच नाही. तो एएसी आणि एसबीसी या दुसऱ्या पद्धतींवर चालतो. म्हणजे ज्या गुणासाठी जास्त पैसे मोजाल तो तुमच्या हातातल्या फोनवर बंदच राहणार.

प्रोटेक्शन प्लॅन घेऊ नका. पहिल्या वर्षी कंपनीची वॉरंटी असतेच. पुढे या वस्तूत झिजतात त्या दोन गोष्टी, बॅटरी आणि गाद्या, आणि नेमकी झीज अशा बहुतेक योजनांत वगळलेली असते. लिथियम-आयन बॅटरी काही शे चार्जिंगनंतर थकायला लागते. बहुतेक मॉडेलमध्ये ती घरी बदलता येत नाही. चौकशी करायचीच तर गाद्या सुट्या मिळतात का, याची करा.

घाईचंही काही कारण नाही. उदाहरणार्थ, सोनीच्या नॉइज कॅन्सलिंग हेडफोनच्या १०००एक्स मालिकेतलं पहिलं मॉडेल २०१६ चं, सहावं एक्सएम६ हे २०२५ चं. मधली २०१७, २०१८, २०२० आणि २०२२ मध्ये आली. नवं आलं की मागचं स्वस्त होतं, आणि लागोपाठच्या दोन मॉडेलांतला फरक तुमच्या कामात जाणवेल इतका क्वचितच असतो. आठ महिन्यांनी कार्ड कोरं झालं आणि तरीही हवा असला तर मागच्या पिढीचा, रोखीने, खुशाल घ्या. मी आडवा येणार नाही. शांतपणे काम करता येणं ही चैन नाही, हे मला मान्य आहे. फक्त घरातला गोंगाट दाबायला आवाज वाढवू नका. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांसाठी ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास ही मर्यादा सांगते. ९० डेसिबलला तीच मर्यादा ४ तासांवर येते.

शिकवणीचे महिना २० मी हिशेबात कुठेही धरलेले नाहीत. तुम्ही लिहिलंय, अजून एकही विद्यार्थी ठरलेला नाही. मिळाला, फी खात्यात जमा झाली, की ती सगळी कार्डावर भरा. आठ महिन्यांचे पाच-सहा होतील. त्याआधी या आठवड्यात एवढं करा. साधा वायरचा हेडसेट कुणाचा तरी मागून आणा. संध्याकाळी सात वाजता, मुलं घरात आणि टीव्ही चालू असताना, एक त्रैराशिक फळ्यावर सोडवल्यासारखं मोठ्याने समजावून सांगा आणि फोनवर रेकॉर्ड करा. दुसऱ्या दिवशी ते पत्नीला ऐकवा आणि विचारा, या आवाजावर ती आपल्या मुलाला शिकू देईल का.