रिझर्व्ह बँकेचं पहिलं घर

प्रश्न : रिझर्व्ह बँक मुंबईतच सुरू झाली, अशी माझी समजूत होती. नातीच्या पुस्तकात मात्र ‘पहिले मध्यवर्ती कार्यालय : कलकत्ता’ असं आहे. दिवाळीनंतर आम्ही दोघं तिकडे जाणार आहोत. ती जागा अजून आहे का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आहे, आणि जरूर बघा. डलहौसी स्क्वेअरला, म्हणजे आताच्या बी.बा.दी. (बिनय-बादल-दिनेश) बागेत, करन्सी बिल्डिंग विचारा. नात बरोबर आहे. १ एप्रिल १९३५ ला रिझर्व्ह बँकेचा कारभार सुरू झाला तो कलकत्त्यात, आणि १९३७ मध्ये मुख्यालय कायमचं मुंबईला आलं. आपले चिंतामणराव देशमुख, महाडजवळच्या नाते गावचे, १९४३ साली पहिले भारतीय गव्हर्नर झाले ते मुंबईतच.

इमारत मात्र रिझर्व्ह बँकेहून शंभर वर्षांनी थोरली. १८३३ ची, आग्रा बँकेची. १८६८ पासून सरकारचं नोटांचं खातं तिथे आलं. मधल्या दालनात काउंटर होते, लोक नोटा देऊन सोनं-चांदीची नाणी घ्यायचे. वर तीन मोठे घुमट, त्यांतून उजेड खाली यायचा. मी एकतीस वर्षं कॅश काउंटरला बसले, ट्यूबलाइटखाली नोटा मोजल्या. वरून पडणाऱ्या उन्हात बंदा रुपया वाजवून घेणारा माणूस मला तिथे लगेच दिसला.

घुमट आता नाहीत. १९९० च्या दशकात इमारत पाडायला घेतली होती. घुमट पाडून झाले आणि मग काम थांबवलं गेलं. २००५ मध्ये ती पुरातत्त्व खात्याकडे आली, डागडुजी झाली आणि जानेवारी २०२० मध्ये उद्घाटन झालं. गेलेले घुमट पुन्हा बांधले नाहीत, तिथे आता मोकळं अंगण आहे. हे मला फार पटलं. खोटे घुमट उभारले असते, तर काय गमावलं ते कळलंच नसतं.

आत शिरताना लोखंडी कामाचं तीन भागांचं फाटक नीट बघा. खाली संगमरवर आणि चुनारचा दगड आहे. आणि नातीला न्याच. अंगणाच्या मधोमध उभं करून तिला वर बघायला सांगा, दालन केवढं होतं ते तिला आपोआप कळेल.