नाशिकमध्ये मुलाला कंट्रोल लाइन विमाने पाहायला मैदानावर नेताना काय काळजी घ्यावी?
ही छोटी मॉडेल विमाने बहुधा 15 ते 21 मीटर लांबीच्या दोन बारीक पोलादी तारांवर, जमिनीवर उभ्या चालकाभोवती वर्तुळात उडतात. तो मुठीतले हँडल वरखाली कलवतो आणि तेवढ्याने शेपटीची पट्टी हलून विमान चढते किंवा उतरते. तारा लांबून दिसतच नाहीत, म्हणून मुलाचा हात धरून वर्तुळापासून बरेच दूर उभे राहावे आणि विमान जमिनीवर थांबून चालकाने बोलावल्याशिवाय आत जाऊ नये. हँडलची दोरी चालकाच्या मनगटाला अडकवलेली आहे का, हे मी आधी पाहतो. जवळून विजेच्या तारा जात असतील, तर सरळ परत फिरावे. नाशिकजवळ ओझरला सुखोई लढाऊ विमाने बनली असली, तरी मुलांना हेच विमान अधिक कळते.