वाळवंटातलं गोल्फ: पैसे भरण्याआधी पेरणीची तारीख विचारा

दादा, मुलगा अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या फिनिक्सला आहे, दिवाळीत तिकडं चाललोय, वाळवंटातल्या रिसॉर्टचं गोल्फच्या तीन राउंडचं (तीन पूर्ण डावांचं) पॅकेज ऑक्टोबरात निम्म्या भावात मिळतंय, घेऊ का, असं तुम्ही विचारलंय. वाचलं आणि ताट बाजूला सारून लिहायला बसलो. अगदी असंच पॅकेज मी 2022 च्या दिवाळीत घेतलं होतं. रिसॉर्टचं नाव घेत नाही. तुम्ही नांदेडचे, मी संभाजीनगरचा, म्हणून आपल्या भाषेत सांगतो.

कपडे, बूट, टी-टाइम (खेळ सुरू करायची ठरलेली वेळ) हे तुम्हाला ठाऊक असणारच. ऑक्टोबरात भाव का पडतो, ते कुणी सांगत नाही. तिथल्या कोर्सवर, म्हणजे गोल्फच्या मैदानावर, उन्हाळ्यात बर्म्युडा गवत असतं. थंडी पडली की ते झोपतं आणि वाळल्या कडब्यासारखं पिवळं दिसतं. हिवाळ्यात गिऱ्हाईक येतं ते हिरवळ बघायला. म्हणून सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत बर्म्युडा पार जमिनीलगत कापतात, वरून रायग्रास या थंडीत हिरव्या राहणाऱ्या गवताचं बी टाकतात आणि दिवसातून अनेकदा पाणी मारतात. आपल्या रानात शाळूची पेरणी चालते तेव्हाच तिथंही पेरणी! कोर्स दोन-तीन आठवडे, कुठं त्याहून जास्त बंद असतो. उघडल्यावरही कोवळं गवत तुडवलं जाऊ नये म्हणून बरेच दिवस कार्ट (मैदानात फिरायची छोटी गाडी) फक्त सिमेंटच्या वाटेवरूनच चालवायची.

माझं सगळं इथंच अडलं. पैसे भरण्याआधी मी बुकिंग ऑफिसला ईमेल केला होता. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, चालवत नाही, कोर्स उघडा आहे ना आणि कार्ट मिळेल ना, असं स्पष्ट लिहिलं होतं. उत्तर एका ओळीचं: कोर्स उघडा आहे, कार्ट पॅकेजमध्ये धरलेली आहे. दोन्ही गोष्टी खऱ्याच होत्या. कोर्स आदल्याच आठवड्यात उघडला होता आणि कार्ट दारात उभी होती.

पहिल्या होलवर माझा चेंडू उजवीकडे गेला आणि वाट डावीकडे. हातात तीन क्लब (चेंडू मारायच्या काठ्या) घेऊन ओल्या, भुसभुशीत मातीतून चालत गेलो. अंतरासाठी चौथा लागत होता, म्हणून परत कार्टपर्यंत. पायाखाली बोटभर कोवळे कोंब, बुटाला चिखल. ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, चेंडू उड्या मारत जाई. सहाव्या होलपर्यंत गुडघा सुजला. बायको म्हणाली, बस झालं. पुढचे दोन राउंड खेळलोच नाही. ऑफिसात गेलो तर म्हणाले, मैदानाच्या स्थितीची हमी आम्ही देत नाही, फॉर्म भरा. भरला. उत्तर आलं नाही. पुन्हा लिहिलं तर दुसऱ्या विभागाकडे पाठवलं. पैसे बुडाले ते बुडाले, पण मी गुडघ्याचं लिहिलेलं वाचूनही त्या माणसाने पेरणीचा एक शब्द काढला नाही, याचा राग मला आजही आहे. गिऱ्हाईक तिथं पोचल्यावर त्याला खरं कळावं, हा काय धंदा झाला?

म्हणून "कोर्स उघडा आहे का" असं विचारू नका. असं विचारा: यंदा पेरणीसाठी कधी बंद, कधी उघडणार, आणि कार्ट फेअरवेवर (होलकडे जाणाऱ्या हिरवळीच्या पट्ट्यावर) न्यायला कोणत्या तारखेपासून परवानगी. उत्तर लेखी घ्या. दोन कोर्स असलेल्या रिसॉर्टवर बहुधा एक आधी आणि एक नंतर पेरतात, तेव्हा तुमचा राउंड नेमका कुठल्या कोर्सवर, तेही लिहून घ्या. तारखा दरवर्षी आणि कोर्सगणिक सरकतात, माझ्या शब्दावर तिकीट काढू नका. मला विचाराल तर मुलाकडे दिवाळी करा आणि गोल्फ नोव्हेंबरच्या शेवटी खेळा. जानेवारीनंतर भाव चढतात. फेब्रुवारीत शेजारच्या स्कॉट्सडेलला फिनिक्स ओपन ही मोठी गोल्फ स्पर्धा असते, तेव्हा तर हॉटेलंही परवडत नाहीत.

खेळाबद्दल थोडं. 1980 च्या भूजल कायद्यानंतर तिथं हिरवळीला पाण्याचा कोटा आला. फिनिक्स भागात त्यानंतर बांधलेल्या अठरा होलच्या कोर्सला साधारण 90 एकर हिरवळीपुरतंच पाणी धरलं गेलं. त्यामुळे फेअरवेचे तुकडे आणि मध्ये उघडं वाळवंट. बरेच कोर्स ते वाळवंट पेनल्टी एरिया धरतात, म्हणजे एक फटका दंड भरून चेंडू बाहेर घेता येतो असा भाग. स्कोअरकार्डामागचा स्थानिक नियम आधी वाचा. तसा नियम नसेल तर चेंडू "अनप्लेएबल" (खेळता न येणारा) म्हणून जाहीर करा, एका फटक्याची पेनल्टी घ्या, होलच्या जवळ न सरकता दोन क्लबच्या अंतरात ड्रॉप करा, म्हणजे हातातून खाली सोडा. शोधायला तीनच मिनिटं मिळतात, आणि झुडपात हात घालून तर शोधूच नका. आपल्याकडे घोणस तशी तिकडे रॅटलस्नेक. चोया नावाचा निवडुंग नुसता घासला तरी त्याचा तुकडा कपड्याला चिकटतो. बोटाने ओढू नका, कंगव्याने उडवा. बॅगेत दहा रुपयांचा प्लॅस्टिकचा कंगवा टाकाच.

विरळ हवेमुळे तिथं चेंडू लांब जातो, असं कुणी सांगेल. फिनिक्स आपल्या संभाजीनगरपेक्षा खालीच आहे, साडेतीनशे मीटरच्या आत. कोरड्या उन्हात थोडा फरक पडतो, पण त्याच्या भरवशावर कमी अंतराचा क्लब काढून वाळवंट ओलांडायला जाऊ नका. माझा अनुभव एका खेपेचा आहे, मी कुणी प्रशिक्षक नाही, हेही धरून चाला.

पॅकेजचे पैसे अजून भरले नसतील तर दोन दिवस थांबा. माझी मुलगी तिथंच राहते. रिसॉर्टचं नाव आणि तारखा मला खासगीत कळवा, ती फोन करून पेरणीची तारीख विचारून घेईल.