‘समजले का?’ हे विचारणे सोड

चि. ताईस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. ओआरएसवर, म्हणजे जुलाबात पाजायच्या मीठ-साखरेच्या पुडीवर, चार सभा घेतल्या, प्रत्येक सभेत बायका माना डोलावतात आणि घरी जाऊन भलतेच करतात, असे तू लिहितेस; आणि काहींना चित्राने, काहींना ऐकून, तर काहींना हाताने करून कळते, म्हणून तीन गटांच्या तीन सभा घ्याव्यात का, असे विचारतेस. प्रशिक्षणात ते तीन गट तुला शिकवले असणार. माणसाला त्याच्या ‘शैली’ने शिकवले की तो अधिक शिकतो, याला संशोधनात भक्कम आधार मिळालेला नाही, तेव्हा बायकांना त्या रकान्यांत बसवण्यात वेळ घालवू नकोस. पुडी कालवणे हे हाताचे काम आहे. पदवीधर असो की अंगठा करणारी, ते हातानेच शिकावे लागते. तुझी अडचण निराळीच आहे. सभा संपताना तू ‘समजले का?’ असे विचारतेस आणि ‘हो’ ऐकून उठतेस.

मीही उठत असे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका पाड्यावर वीस-बावीस बायकांना मी ‘एक पुडी, एक लिटर पाणी’ असे चांगले घोकून सांगितले, त्यांनी एका सुरात ‘हो’ म्हटले आणि मी समाधानाने वही मिटली. चौथ्या दिवशी त्यांतल्याच एकीचे मूल डोळे खोल गेलेल्या अवस्थेत पाहिले. फडताळात पुडी होती, तोंड दुमडून, वर दोरा गुंडाळून ठेवलेली. दर वेळी कपभर पाण्यात चिमूटभर घालून ती पाजत होती. ‘औषध आहे साहेब, पुरवून पुरवून वापरलं,’ असे ती म्हणाली. तिच्या घरात तांब्या होता, हंडा होता, लिटर नव्हता. ते पाणी इतके पातळ होते की त्याचा काही उपयोगच नव्हता. मूल तालुक्याला नेले आणि वाचले, पण त्यात माझा वाटा फक्त जीप मिळवून देण्याचा.

हे अडाणीपणातून झाले असे वाटत असेल तर पुढचे ऐक. काही वर्षांनी एका शिक्षकांनी पुडीवरचा मजकूर मला खणखणीत आवाजात वाचून दाखवला आणि माझ्यादेखत अख्खी पुडी एका पेल्यात ओतली. दाट झालेल्या त्या पाण्यातले मीठ मुलाला अपायकारक ठरले असते. वाचता येणाऱ्याचा ‘हो’ तर अधिकच लवकर येतो, कारण त्याला अब्रू सांभाळायची असते.

म्हणून ‘समजले का?’ विचारू नकोस. ‘मी नीट सांगितले की नाही ते मला बघायचे आहे, घरी सासूबाईंनी विचारले तर काय सांगाल?’ असे विचार, आणि तिच्याच घरातले पातेले मागव. बाजारातली लिटरची बाटली त्यात रिकामी कर, पाणी कुठवर आले ते तिलाच खुणेने दाखवू दे, मग पुडी तिलाच फोडू दे. चुकली तर रागावू नकोस. तू काय सांगायचे राहिलीस, ते त्या चुकीतूनच कळते. चित्रांचेही तसेच. फुलीचा अर्थ ‘करू नका’ असा होतो, हे आपण शाळेत शिकलो. शाळा न पाहिलेल्या बाईने ते का ओळखावे? चित्र दाखव आणि ‘यात काय चालले आहे?’ एवढेच विचारून गप्प बस.

शिकलेल्यांशिवाय हे जमत नाही, असे तुझ्याकडे कोणी म्हटले तर त्यांना पश्चिम बंगालमधल्या बनगावची निर्वासितांची छावणी सांग. १९७१ साली डॉ. दिलीप महालनबीस यांनी तिथे कॉलऱ्याच्या रुग्णांना हेच पाणी पाजले ते बहुतांशी नातेवाइकांच्या हातून. पुढे १९८० ते १९९० या काळात बांगलादेशात ‘ब्रॅक’ या स्वयंसेवी संस्थेच्या कार्यकर्त्या घरोघर जाऊन सव्वा कोटीच्या आसपास आयांना मीठ, गूळ आणि पाणी कालवायला शिकवत गेल्या. मीठ तीन बोटांच्या चिमटीने, गूळ मुठीने मोजायचा, हातच माप. मागाहून तपासनीस काही घरांत जाऊन आईला काय आठवते, काय करता येते ते पाहत, आणि कार्यकर्तीचा मोबदला त्यावर ठरत असे. किती घरे झाली यावर नव्हे, आईला काय आले यावर! ही युक्ती मला फार उशिरा कळली.

माझ्या वरिष्ठांना ती कधीच पटली नसती. बारा बायकांपलीकडे मी सभा घेत नसे, त्यामुळे मासिक अहवालात माझा आकडा नेहमी तळाशी राहिला आणि एका बैठकीत सर्वांसमोर मला कामचुकार ठरवले गेले. हट्टीपणा म्हणशील, असेल. पण चाळीस जणींच्या सभेत चाळिसांकडून पुडी कालवून घेता येत नाही, आणि कालवून घेतल्याखेरीज मी कोणाच्या नावापुढे खूण करणार नव्हतो. तुझ्यावरही आकड्यांचा दबाव येईल. तो किती सोसायचा, ते तू ठरव. मी सोसला आणि बढती गमावली, त्याचे मला वाईट वाटत नाही असे लिहिले तर ते खोटे ठरेल.

येत्या सभेचा वृत्तांत कळव. हजेरी लिहू नकोस. पातेल्यात पाणी कोणी कुठवर भरले, कोण कुठे अडखळली आणि नेमके काय बोलली, ते तिच्याच शब्दांत लिही.

तुझा,
काका