नागपुरात घरी लाकडाचं फ्लाय रीळ बनवायचं असेल तर

तुमचा प्रश्न असा आहे: फ्लाय फिशिंगचं रीळ लाकडात, घरी, हाताने बनवता येतं का? लेथ, म्हणजे लाकूड कातायचं यंत्र, नसेल तर जमतं का? आणि नागपुरात लाकूड कोणतं घ्यावं?

बनवता येतं. गेल्या नऊ वर्षांत मी अकरा बनवली, त्यातली सात आजही छान फिरतात. उरलेली चार का गेली हे सांगितलं तर तुमचं पहिलंच रीळ वाचेल, म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

आधी हे बघा की हाताने करण्यासारखं रीळ फ्लायचंच का. आपल्याकडच्या नेहमीच्या गळाला शिशाची गोळी असते. गोळी फेकली की दोरी तिच्या मागे जाते. फ्लायमध्ये गळावर नुसती पिसं आणि दोरा बांधलेला असतो, त्याला वजन जवळजवळ नसतंच. वजन असतं लाइनला. ५ नंबरच्या लाइनचे पहिले ३० फूट साधारण ९ ग्रॅम भरतात आणि रॉड ती लाइनच हवेत मागे-पुढे झुलवून फेकतो. फेकण्याआधी लाइन हाताने ओढून मोकळी केलेली असते, त्यामुळे फेकताना रीळ फिरत नाही. रिळाला कामं दोनच: लाइन नीट सांभाळायची, आणि मोठा मासा पळाला तर गुंता न करता ती सोडायची. आत गिअर नाही, मुठीची एक फेरी म्हणजे लाइन गुंडाळायच्या चक्रीची एक फेरी.

ज्याने संक्रांतीला पतंगाची चक्री धरली आहे त्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही. मी नागपूरच्या महाल भागात वाढलो. पतंग मोठा भाऊ उडवायचा आणि मी मागे चक्री धरून उभा. ढील द्यायची तेव्हा बोटं सैल, आणि ‘ओ काट’ झालं की भराभर गुंडाळायचं. फ्लाय रीळ हेच करतं, फक्त दोन हातांऐवजी एका स्पिंडलवर, म्हणजे मधल्या दांड्यावर, बसून. स्पूलला मी चक्रीच म्हणतो, पुढेही तोच शब्द वापरेन.

लाकडी रिळं पूर्वी सर्रास होती. १९व्या शतकात इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमला अक्रोडाच्या लाकडाची रिळं बनत. त्यांतल्या पुष्कळ रिळांच्या पाठीवर ताऱ्याच्या आकाराची पितळी पट्टी असे. मला ती कित्येक दिवस नक्षीच वाटली होती. लाकडाची पाठ वाकून चक्रीला घासू नये म्हणून ती ठोकलेली असायची, हे मला स्वतःचं एक रीळ वाया गेल्यावर कळलं. पुढे १८९१ च्या सुमारास हार्डी या इंग्रज कंपनीचं बॉल बेअरिंगवर फिरणारं ‘परफेक्ट’ आलं आणि हळूहळू धातूच्या रिळांनी जागा घेतली.

माझं पहिलं वाया गेलेलं रीळ सागवानाचं होतं. मे महिन्यात केलं. चक्रीभोवती गोल लाकडी कडं होतं आणि दोघांमध्ये फट जेमतेम ०.३ मिमी. बोटाने टिचकी मारली की कितीतरी वेळ फिरत राहायची, इतकी सुरेख बसली होती. जुलैत रामटेकजवळ खिंडसीच्या काठावर पिशवीतून काढलं तर चक्री जागची हलेना. पाण्याचा थेंबही लागलेला नव्हता, नुसत्या हवेनेच ती फुगली होती.

आपल्या शहरात लाकडाचं काम करणाऱ्याने हे पक्कं ध्यानात ठेवायला हवं. मे महिन्यात पारा ४५ च्या वर आणि हवा कोरडी ठणठणीत, आणि दोन महिन्यांनी पावसाळ्यात कपाटातल्या कपड्यांनाही दमट वास. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं, पण सगळ्या दिशांना सारखं फुगत नाही. ८० मिमीची सागवानी चकती घ्या. लाकडातला ओलावा ८ टक्क्यांनी वाढला, तर रेषांच्या लांबीच्या दिशेने ती जवळपास तेवढीच राहते, पण आडव्या दिशेने सुमारे १.२ मिमी वाढते. फळी उभ्या चिरीची असेल, म्हणजे कडेला वलयांच्या रेषा उभ्या दिसत असतील, तर हीच वाढ साधारण ०.६५ मिमी. थोडक्यात, मेमध्ये गोल कातलेली चकती ऑगस्टमध्ये लंबगोल होते. हा हिशोब सागवानाचा आहे आणि सागवान तर कमी हलणाऱ्या लाकडांपैकी. बाकीच्यांचं तुम्हीच ताडा.

म्हणून माझं पहिलं सांगणं असं की चक्रीभोवती कडं ठेवूच नका. पाठीला एकच चकती, तिच्या मधोमध स्पिंडल, त्यावर उघडी चक्री. जुन्या नॉटिंगहॅम रिळांची रचना हीच. चक्री लंबगोल झाली तरी घासायला आजूबाजूला काही नसतं. पाठ आणि चक्री यांच्यात दीड मिमी फट राहू द्या. त्या फटीत लाइन शिरू शकते, त्यासाठी पाठीला जाड पितळी तारेचा एक अडसर वाकवून बसवा. लाकूड हलणारच, त्याला हलायला जागा द्यायची, आणि जिथे हललेलं चालत नाही तिथे धातू घालायचा. स्पिंडल, बुश (चक्रीच्या भोकात बसणारी नळी) आणि पाय (रीळ रॉडला बसवायची पट्टी) हे तिन्ही भाग म्हणूनच धातूचे.

आता लाकूड. लकडगंजात गेलात तर सागवानाचे तुकडे कापणीतून उरलेले मिळतात. आलापल्ली-बल्लारशाकडचा साग आपल्या दाराशी आहे, तेव्हा परदेशी लाकडाच्या मागे लागू नका. सागवानात अंगचं तेल असतं, ते पाण्याला बरं. पण चिकटवण्याआधी त्याच तेलापायी पृष्ठभाग थिनरने पुसून लगेच गोंद लावावा लागतो, नाहीतर जोड सुटतो. शिवाय त्यात वाळूसारखी सिलिका असते, पटाशीची धार लवकर जाते. शिसम जड आणि देखणं, मुठीला उत्तम. माझं सगळ्यात लाडकं लाकूड मात्र हळदू, काही जण त्याला हेद म्हणतात. पिवळसर, बारीक पोताचं, कातताना लोण्यासारखं उतरतं. कापड गिरण्यांच्या बॉबिनसाठी हे लाकूड वापरलं जायचं. १८७७ साली ज्या शहरात एम्प्रेस मिल सुरू झाली, तिथे बसून मी हळदूची चक्री करतो, याचं मला मनापासून समाधान वाटतं. फक्त सागवानासारखं त्याच्या अंगात तेल नाही, त्यामुळे लेप जास्त द्यावा लागतो.

तुमचं पहिलं रीळ मात्र यातल्या कशाचंच करू नका. १२ मिमीची मरीन प्लाय घ्या, आयएस ७१० छाप बघून. सुताराकडे स्वयंपाकघराच्या कामातले तुकडे पडलेले असतात. प्लायमध्ये थर एकमेकांना आडवे असतात म्हणून ती लंबगोल होत नाही. दिसायला साधी, पण हात बसेपर्यंत तीच बरी. पुढे सागवानाच्याच तीन-तीन मिमीच्या तीन पट्ट्या आडव्या-उभ्या चिकटवून पाठ करता येते. माझ्या चांगल्या रिळांची पाठ अशीच आहे.

लेथ नसेल तरी अडत नाही. लकडगंजातल्या ज्या खरादी काकांकडे मी कातकाम शिकलो, त्यांनी पहिले तीन महिने मला लेथला हातच लावू दिला नाही. ड्रिलला होल सॉ, म्हणजे गोल करवत, लावून चकत्या कापायला लावल्या. ७६ मिमीचा होल सॉ लावला की आतली चकती ७० च्या आसपास निघते आणि केंद्राचं भोक आपोआप मिळतं. अशा दोन चकत्या, मध्ये ३५ मिमी जाडीचा गाभा, आणि आतली रुंदी २२ मिमी. एवढ्या चक्रीत ५ नंबरची साधारण २७ मीटर लाइन आणि खाली ३० मीटर बॅकिंग, म्हणजे लाइनच्या मागे जोडलेली बारीक दोरी, बसतं, वर काठाला तीन मिमी मोकळे राहतात. गाभा याहून बारीक करू नका. भरलेल्या चक्रीची एक फेरी २० सेमी लाइन ओढते, रिकामी होत ३५ वर आली की ११ सेमीच. गाभा बारीक केला तर नुसतं फिरवत बसावं लागतं.

चक्रीत बुश बसवणं हे या कामातलं खरं कौशल्य आहे. स्पिंडल ६ मिमीचा स्टेनलेस रॉड, आणि चक्रीत त्यावर फिरणारा पितळी बुश. भंडाऱ्याला पितळेची कामं करणारे कारागीर पिढ्यान् पिढ्या आहेत. माझे सगळे बुश तिथूनच आले, कारण भोक अचूक ६ चं आणि सरळ हवं. माझं दुसरं रीळ इथेच फसलं. काठ गोल घासून, पॉलिश करून, शेवटी बुश ठोकला आणि तो अर्धा अंश तिरका गेला. अर्धा अंश म्हणजे डोळ्याला दिसतही नाही, पण ३५ मिमी त्रिज्येवर काठ दर फेरीला ०.६ मिमी पुढे-मागे डुलतो. हातात धरलं की ते सतत जाणवतं.

तेव्हापासून क्रम उलटा केला: आधी बुश, मग काठ. चकत्या आणि गाभा चिकटवून झाला की बुशच्या बाहेरच्या मापापेक्षा १ मिमी मोठं भोक पाडा. बुशला बाहेरून आडव्या रेघा मारून इपॉक्सी लावा, स्पिंडलवर चढवा, चक्री फिरवत फिरवत सरळ करा आणि २४ तास हात लावू नका. स्पिंडलला आधी मेण चोळा, नाहीतर इपॉक्सी त्यालाही धरून बसेल. दुसऱ्या दिवशी तीच चक्री स्पिंडलवर फिरवून काठ पॉलिश पेपरने घासा. आता काठ बुशच्या हिशोबाने गोल होतो, तुमच्या नजरेच्या हिशोबाने नाही. ड्रिल पकडीत आडवं बांधून हळू वेगाने फिरवलं तर लेथचं काम निघतं. डोळ्यांना चष्मा आणि नाकाला मास्क हवाच, सागवानाच्या भुशाने अनेकांना खाज आणि शिंका येतात.

स्पिंडल पाठीत नुसता ठोकू नका. ४० मिमीच्या पितळी चकतीत तो पक्का करून घ्या आणि ती चकती मागून तीन स्क्रूंनी पाठीवर बसवा. पुढच्या टोकाला खाच पाडून त्यात ई-क्लिप लावली की चक्री निसटत नाही.

चक्री उगाच सैल फिरू नये आणि फिरताना कटकट आवाज यावा म्हणून तिच्या मागच्या अंगाला सारख्या अंतरावर १६ पितळी खिळे ठोका आणि पाठीवर स्प्रिंग स्टीलची एक पट्टी अशी लावा की तिचं टोक खिळ्यांना अडेल. एवढा अडथळा पुरतो. मासा ओढायला लागला तर तळहात काठावर टेकवायचा. लाकडी काठाची ती हाताला लागणारी ऊब मला कुठल्याही धातूच्या रिळात मिळालेली नाही.

बॅकिंगला डेक्रॉनच, म्हणजे कमी ताणली जाणारी पॉलिएस्टर दोरीच, वापरा. तिसऱ्या रिळात मी स्वस्तातली नायलॉन तंगूस घट्ट गुंडाळली होती. नायलॉन ताणली जाते आणि मग आकसते, प्रत्येक वेढा गाभ्याला आवळतो आणि चकत्यांना बाहेर ढकलतो. आठवड्याभरात जोड उकलला.

लेपाबद्दल. जवसाचं तेल आपल्या विदर्भाचं, मला त्याचा रंग फार आवडतो, पण ते हवेतला ओलावा फारसा अडवत नाही. पाठीला आणि चक्रीला आतून-बाहेरून पातळ इपॉक्सीचे दोन हात द्या, तेल फक्त मुठीला. दोन्ही अंगांना सारखाच लेप हवा. चौथ्या रिळाची पाठ मी बाहेरून चकचकीत केली आणि आतून कोरी ठेवली. कोऱ्या अंगाने ओलावा घेतला आणि पाठ बशीसारखी वाकली. आणि एक गोष्ट अगदी गंभीरपणे: जवसाच्या तेलाने भिजलेली चिंधी चोळामोळा करून टाकू नका. तेल वाळताना तापतं आणि ढिगाऱ्यातली चिंधी आपोआप पेट घेऊ शकते, त्यात आपला उन्हाळा. चिंधी पसरून वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात बुडवा.

लाकडाचे तुकडे कूलरच्या खोलीत ठेवू नका. मे महिन्यात घरातली सगळ्यात दमट जागा तीच. मी जिन्याखाली ठेवतो, किमान एक पावसाळा आणि एक उन्हाळा काढल्याशिवाय कापत नाही.

मासेमारीचं थोडक्यात. फ्लायने नेहमी पकडला जाणारा ट्राउट मासा आपल्याकडे नाही, पण चिलापी आणि मरळ फ्लायला येतात. बहुतेक तलाव मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतात, आधी त्यांना विचारा. तोतलाडोह व्याघ्र प्रकल्पात येतो, तिकडे गळ न्यायचाच नाही. फेकण्याचा सराव कोणत्याही मोकळ्या मैदानावर गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांधून होतो.

शेवटी रिळाचा पाय. तो पितळी पट्टीचा असतो आणि रॉडच्या बैठकीत सरकवून बसतो. बैठकींची मापं थोडी थोडी वेगळी असतात, म्हणून पट्टी लांब ठेवा आणि रॉडवर लावून बघत बघत घासा. तुमच्याकडे कोणता रॉड आहे आणि त्याची बैठक कशी आहे ते कळवलंत तर माझ्या मापाचा कागदी नमुना काढून देतो.